ऐन वाऱ्याच्या दिवसांत थरच्या वाळूच्या टेकड्यांतून प्रवास करावा का?

कृष्णाकाठ

सर्वांस नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वाऱ्याचे खनन, वहन आणि संचयन हा भाग शिकवताना दरवर्षी मी फळ्यावर बारखाण टेकडीची चंद्रकोर काढते, वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि आडोशाची बाजू तीव्र उताराची असते असे सांगते. परंतु वाळू प्रत्यक्ष सरकताना मी कधी पाहिलेली नाही. आमच्या नात्यातील काही जण डिसेंबरात जैसलमेरला जाऊन आले. त्यांची छायाचित्रे सुरेख आहेत, पण त्यांतल्या टेकड्या स्वस्थ पडून आहेत. मला त्या हलताना पाहायच्या आहेत, आणि शाळेमुळे मला सवडही उन्हाळ्याच्या सुट्टीतच मिळते.

बेत असा आहे: मे महिन्याच्या अखेरीस रेल्वेने जोधपूर, तेथून भाड्याची गाडी घेऊन जैसलमेर, सम गावचे धोरे (म्हणजे वाळूच्या टेकड्या), खुहडी, जमल्यास तनोटमातेचे दर्शन आणि परतताना बाडमेर. गाडी यजमान स्वतः चालवतील. सोबत अकरा वर्षांची मुलगी आणि एकोणसत्तर वर्षांचे मामंजी असतील. मामंजींना सौम्य दमा आहे, तो औषधांनी आटोक्यात आहे.

या दिवसांत धोऱ्यांमध्ये जाणे मुळात शहाणपणाचे आहे का, दिवसाच्या कोणत्या वेळी वारा सोसण्याजोगा असतो, रस्त्यावर वाळू आली किंवा वाटेत धुळीच्या वादळाने गाठले तर गाडीचे काय करावे, आणि रात्री तंबूत राहावे की नाही, हे मला विचारायचे आहे. ज्यांनी हा प्रदेश उन्हाळ्यात पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

भीमातीर

ताई, आपली जिज्ञासा योग्य आहे, पण मी आपल्याला हा बेत पुढे ढकलण्याचाच सल्ला देईन. मे महिन्यात त्या भागात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे; १९ मे २०१६ रोजी जोधपूर आणि जैसलमेर यांच्या वाटेवरच्या फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा उन्हात निरोगी माणूससुद्धा दोन तासांत गळून जातो, मग दम्याच्या वृद्ध व्यक्तीची गोष्टच वेगळी. समच्या परिसरातील तंबूंचे मुक्काम बहुतांशी हिवाळ्यापुरते चालतात, त्यामुळे उन्हाळ्यात निवडीला फारसा वावही राहत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाता येईल का, हे कृपया पाहावे. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव असतो, तेव्हाची हवाही उत्तम असते.

जोधपूरनिवासी

मी मूळचा वाईचा. नोकरीनिमित्त अनेक वर्षे जोधपूरला आहे आणि वाऱ्याने होणारी जमिनीची धूप हा माझ्या कामाचाच विषय आहे. भीमातीर यांनी उष्णतेविषयी जे लिहिले आहे ते पूर्णपणे खरे आहे. तरीही कृष्णाकाठ यांना जे पाहायचे आहे ते दिवाळीत किंवा माघात दिसणार नाही. त्या महिन्यांत वारा इतका मंद असतो की टेकडीवरची वाळू जेमतेम जागची हलते. थरमधले धोरे घडतात ते एप्रिलपासून पावसाळा स्थिरावेपर्यंतच्या नैर्ऋत्य वाऱ्याने, आणि त्यातही जोर असतो तो मे अखेर, जून आणि जुलैच्या आरंभी. उन्हाने तापलेल्या वायव्य भारतावर आणि सिंधवर हवेचा दाब कमी होतो आणि अरबी समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते. कोकणात पाऊस आणणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्याच्याच कुटुंबातला हा वारा आहे. मात्र वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जैसलमेरच्या पश्चिमेला तो आधी वाळू उचलतो. म्हणून आपल्या मुक्कामाची वेळ चुकलेली नाही. सांभाळायचे आहे ते दिवसाचे वेळापत्रक, आणि त्यात मात्र कसलीही सवलत घेऊ नये.

प्रथम वाऱ्याचा दिनक्रम सांगतो. पहाटे जमीन निवलेली असते आणि जमिनीलगतचा वारा तुलनेने मंद असतो. सूर्य वर येऊन साधारण नऊ-दहा वाजले की तापलेली हवा घुसळू लागते, वरच्या थरातला जोरकस वारा खाली उतरतो आणि दुपारी तो सर्वांत बेभान होतो. सूर्यास्तानंतर त्याचा जोर ओसरतो, तरी जूनमध्ये काही रात्री तो थांबतही नाही. वाळू सरकू लागायला ताशी सुमारे २० किलोमीटरचा वारा पुरतो. त्यामुळे पाहण्याजोगी वेळ म्हणजे सकाळी सात ते साडेनऊ, जेव्हा वारा जागा होत असतो पण ऊन अजून अंगावर आलेले नसते. जैसलमेरहून सम सुमारे ४० किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला निघावे आणि दहाच्या आत परतीच्या वाटेला लागावे. दहा ते पाच या वेळेत जैसलमेर गावातच, जाड दगडी भिंतींच्या आड राहावे. पिवळ्या दगडाच्या त्या जुन्या हवेल्या आणि त्यांच्या अरुंद गल्ल्या याच उन्हाचा आणि वाऱ्याचा विचार करून बांधलेल्या आहेत, हे भूगोलाच्या शिक्षकाला तिथे हिंडताना आपोआप जाणवेल.

आता काय पाहावे ते सांगतो, कारण येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते. धोऱ्याच्या मंद उतारावर, माथ्यापासून चार-पाच पावले खाली उभे राहा आणि नजर जमिनीशी समांतर येईल इतके खाली वाका. वाळूचे कण उडत नसून उड्या मारत आहेत असे दिसेल: एक कण वर उचलला जातो, वाऱ्याबरोबर पुढे जातो, पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतो आणि ते उसळतात. हा सारा व्यवहार मुख्यतः जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत चालतो. म्हणूनच उभ्या माणसाच्या घोट्यांना आणि पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखे होते, पण चेहरा बहुधा वाचतो. मात्र खाली बसलात की तीच वाळू सरळ डोळ्यांत येते. मुलीला वारा वाढल्यावर वाळूत बसू देऊ नका. धूळ हा वेगळा प्रकार आहे. उफणताना जसे दाणे पायाशी पडतात आणि भूस लांब जाते, तसे वारा जड वाळू खाली ठेवतो आणि बारीक धूळ शेकडो मीटर उंच नेतो; ती कित्येक तास तरंगत राहते आणि फुप्फुसांना जो त्रास होतो तो तिचाच असतो.

माथ्यावर आलात की पलीकडचा तीव्र उतार दिसेल. वारा नैर्ऋत्येचा असल्याने हा उतार साधारणपणे ईशान्येकडे असतो. माथ्यावरून ओसंडलेली वाळू तिथे साचत जाते, उतार सुमारे ३३ अंशांच्या पुढे गेला की तोल सुटतो आणि वाळूची एक पट्टी सरसर खाली घसरते. काही क्षणांत थांबते आणि पुन्हा साचू लागते. टेकडी पुढे सरकते ती अशी. मुलीसोबत एक छोटा प्रयोगही करता येईल. वाळूवर ज्या लाटा उमटलेल्या असतात, त्यांतल्या एका लाटेच्या माथ्याशी पातळ काडी रोवा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा आणि दर पाच मिनिटांनी लाटेचा माथा काडीपासून किती पुढे गेला ते वहीत लिहा. चांगला वारा असेल तर डोळ्यांदेखत फरक पडतो. लाटेच्या माथ्यावरचे कण खळग्यातल्या कणांपेक्षा जाड असतात, तेही चिमटीत घेऊन पाहावे. वर्गात सांगायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही.

वादळाविषयी. इकडे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात वारा दोन-तीन दिवस सलग वाहतो, आकाश मातकट होते, सूर्य फिका दिसतो. तो कंटाळवाणा असला तरी अचानक येत नाही. दुसरी ती खरी आंधी. दुपारनंतर किंवा संध्याकाळी दूर कुठेतरी वादळी ढग वाढतो, त्याच्यातून थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर पसरताना धुळीची उंच भिंत ढकलत आणते. क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसू लागणे, चालू असलेला वारा एकाएकी पडणे आणि त्यानंतर हवेत अवचित गारवा येणे ही तिची लक्षणे आहेत. जोराचा भाग बहुधा काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकतो, धूळ मात्र नंतर बराच वेळ निवळत नाही. २ मे २०१८ च्या रात्री पूर्व राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशाच वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि त्यांतले पुष्कळ जण कोसळलेल्या भिंती, छपरे आणि झाडे यांखाली सापडले होते. त्यामुळे आंधीत कच्च्या भिंतीचा, पत्र्याच्या छपराचा किंवा जाहिरातीच्या फलकाचा आडोसा घेऊ नये. भारतीय हवामान खाते जिल्हावार पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाज प्रसिद्ध करते. संध्याकाळी बाहेर पडण्यापूर्वी तो न चुकता पाहावा.

उघड्या धोऱ्यावर आंधीने गाठलेच, तर माथा ताबडतोब सोडावा, कारण तिथे वाऱ्याइतकाच विजेचाही धोका असतो. एकट्या उभ्या खेजडीच्या झाडाखालीही जाऊ नये. वाऱ्याकडे पाठ करून, डोके व तोंड ओल्या सुती कापडाने झाकून थांबावे. उंटवाले उंटाला खाली बसवतात आणि त्याच्या आडोशाला बसतात. उंट नाकपुड्या मिटू शकतो, त्याच्या पापण्यांची रचनाही वाळू बाहेर ठेवणारी असते, त्यामुळे तो अशा वेळी स्वस्थ असतो. सर्वांनी एकमेकांचे हात धरून राहावे. वाट शोधत भटकणे हीच सर्वांत घातक गोष्ट आहे.

मस्कतस्थित

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. मी गाडीच्या प्रश्नापुरते लिहितो. ओमानमध्ये शर्कियाच्या वाळवंटात मी नेहमी गाडी चालवतो आणि जैसलमेरकडील रस्तेही उन्हाळ्यात पाहिले आहेत. दोन ठिकाणची वाळू वेगळी वागते: शर्कियातील उत्तर-दक्षिण पसरलेल्या उंच रांगांमधून तास न् तास केवळ वाळूवरून जावे लागते, तर थरमध्ये पर्यटकाला लागणारा जवळजवळ सगळा रस्ता डांबरी आहे. म्हणून माझे पहिले सांगणे हे की भाड्याची साधी गाडी डांबर सोडून एक मीटरही वाळूत घालू नये. टायरमधली हवा कमी करून वाळूवर चालण्याचे तंत्र आहे, आम्ही ती १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतो. पण त्यासाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी, हवा पुन्हा भरण्याचा पंप आणि मदतीला दुसरी गाडी हे सारे हाताशी असावे लागते.

रामगढच्या पुढे तनोटकडे जाताना वाऱ्याच्या दिवसांत वाळूचे पट्टे रस्त्यावर येतात. सीमा सडक संघटनेची यंत्रे ती दूर करत असतात, तरी एका रात्रीत नवा पट्टा तयार होतो. दुरून तो निरुपद्रवी वाटतो आणि दुपारच्या चकाकीत तर दिसतही नाही. त्यामुळे वेग ताशी ५० च्या आत ठेवावा. पट्टा पातळ असेल तर आधीच वेग कमी करून, चाक सरळ ठेवून, मध्येच ब्रेक न दाबता पार करावा. जाडी कळत नसेल तर गाडी अलीकडे थांबवून पायाने अंदाज घ्यावा. वाळू घोट्याच्या वर येत असेल तर माघारी फिरावे. इंधन जैसलमेरलाच पूर्ण भरून घ्यावे, माणशी किमान पाच-सहा लिटर पाणी गाडीत ठेवावे, आणि मोबाइलला सर्वत्र रेंज मिळेल असे गृहीत धरू नये. तनोटच्या पुढे सीमेच्या दिशेने जायचे असेल तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते, ती आधीच काढावी.

धुळीच्या भिंतीत सापडल्यास पुढे रेटू नये. रस्त्यापासून जितके सुरक्षितपणे दूर जाता येईल तितके जाऊन, कडेच्या कठीण जमिनीवर गाडी उभी करावी, शक्य असल्यास तिची पाठ वाऱ्याकडे करावी, म्हणजे पुढची काच घासून धूसर होत नाही. इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा आणि दिवे मालवावेत. शेवटची सूचना अनेकांना उलटी वाटते. परंतु दिसेनासे झाले की मागचा चालक समोरच्या लाल दिव्याला रस्ता समजून त्याच्या मागे येतो आणि उभ्या गाडीवर आदळतो. ब्रेकवर पाय ठेवला तरी मागचे दिवे लागतात, म्हणून पायही काढून घ्यावा. दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे, कारण अशा वाऱ्यात दार बिजागरीतून निखळू शकते. घरी परतण्यापूर्वी इंजिनाची हवेची गाळणी झटकून घ्यावी.

तरीही स्वतः गाडी चालवण्याऐवजी जैसलमेरचा चालक घ्यावा, असेच मी सुचवेन. कोणत्या वळणावर वाळू साचते हे त्याला ठाऊक असते.

अश्विनी_लातूर

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून मामंजींविषयी थोडे. दमा आटोक्यात असणे आणि धुळीच्या दिवसांत आटोक्यात राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निघण्यापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून, त्रास वाढल्यास कोणते औषध किती वेळा घ्यायचे, हे कागदावर लिहून घ्या. रोजचा प्रतिबंधक फवारा एक दिवसही चुकू देऊ नका. तातडीचा फवारा गाडीच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान इतके वाढते की दाबाखालचा डबा फुटू शकतो. तो त्यांच्या खिशात असावा आणि दुसरा आपल्या पिशवीत. धुळीपासून साधा रुमाल फारसे रक्षण करत नाही, एन-९५ मुखपट्टी नीट बसवलेली असावी. पण ती लावून उन्हात चालणे वृद्धांना जड जाते, म्हणून मी त्यांना धोऱ्यावर नेणारच नाही. त्यांनी जैसलमेरला बंद खोलीत थांबावे.

डोळ्यांत कण गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. कॉन्टॅक्ट लेन्स या प्रवासात वापरू नयेत; सर्व बाजूंनी बंद असा चष्मा घ्यावा. मुलीकडे विशेष लक्ष द्या: घाम थांबला, बोलण्यात असंबद्धता आली, अंग तापले, तर तो उष्माघात आहे असे समजून तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. कोरड्या वाऱ्यात घाम क्षणात वाळतो, त्यामुळे शरीरातून पाणी किती गेले हे लक्षातच येत नाही; तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखरेचे पाणी देत राहावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे घरात सर्वांनी मिळून वाचली. मामंजी स्वतःच म्हणाले की ते जोधपूरला आमच्या परिचितांकडे थांबतील. आम्ही तिघे स्थानिक चालक घेऊन दोन सकाळी समला आणि एक सकाळ खुहडीला जाऊ, तंबूतला मुक्काम रद्द केला आहे, आणि तनोटचे त्या दिवशीचा अंदाज पाहून ठरवू. आता एकच शंका उरली आहे. जैसलमेरच्या एका यजमानाने दूरध्वनीवर सांगितले की जीपमधून धोऱ्यांवर वेगाने नेऊन आणतात, तीच मुलांची सर्वांत आवडती गोष्ट असते. ते करावे का? आणि सम की खुहडी, जास्त वेळ कुठे द्यावा?

जोधपूरनिवासी

जास्त वेळ खुहडीला द्यावा. तिथे गर्दी कमी असते आणि वाळूवरच्या लाटा तुडवलेल्या नसतात, त्यामुळे आपला काडी-पट्टीचा प्रयोग नीट होईल.

जीपविषयी मात्र मी कळकळीने नको म्हणेन, आणि त्याचे कारण केवळ अपघाताची भीती हे नाही. पश्चिम राजस्थानातील पुष्कळशा टेकड्या सेवण गवत, फोग, खींप अशा वनस्पतींनी धरून ठेवलेल्या आहेत. चाकाखाली ती मुळे तुटली की तेवढा भाग मोकळा होतो, पुढच्या मे-जूनचा वारा नेमका तिथूनच वाळू उचलतो आणि ती कुणाच्या तरी ढाणीच्या (शेतातल्या वस्तीच्या) अंगणात, शेतात किंवा पाण्याच्या टाक्यात जाऊन पडते. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था १९५९ पासून या प्रदेशावर काम करत आहे. सुटलेली वाळू थांबवायची तर आधी काटक्यांचे आडवे-उभे कुंपण घालून जमिनीचे चौकोन पाडावे लागतात, मग त्यांत गवत आणि झाडे लावावी लागतात, आणि ती रुजेपर्यंत वर्षानुवर्षे गुरे आवरावी लागतात. एका जीपने पाच मिनिटांत मोकळी केलेली जागा पुन्हा बांधायला इतके कष्ट पडतात.

दुसरे कारण आपल्या सोलापूरकरांना लगेच पटेल. सम आणि खुहडीच्या भोवतीचा मोठा भाग ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात येतो, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ दिसेनासा झालेला माळढोक पक्षी आज मुख्यतः याच परिसरात टिकून आहे. इकडे त्याला गोडावण म्हणतात. उन्हाळा आणि पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ असतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि ते मातीच्याच रंगाचे असल्याने गाडीतून कुणालाही दिसत नाही. म्हणून चालकाशी ठरवतानाच स्पष्ट सांगा की गाडी रस्ता सोडणार नाही आणि धोऱ्यापर्यंतचे शेवटचे अंतर आपण पायी जाणार आहोत. काही चालक सवयीने आडवाटेला वळतात. तसे झाल्यास त्याच क्षणी थांबवावे. मुलीसाठी उंटावरची छोटी फेरी सकाळी आठच्या आत घ्यावी, आणि उंटवाल्याला वाऱ्याविषयी विचारावे. आज आंधी येईल का, याचा त्याचा अंदाज ऐकून मगच संध्याकाळचा बेत करावा.